मिनिटाला तेवीस थेंब

एर्देनेतला जानेवारीत पाणी हातोडीनं फोडून आणतात,
आणि मी रात्रभर ते माणसाच्या शिरेत सोडत बसते.
मिनिटाला तेवीस थेंब.
घड्याळ धरून मोजते,
पंप नोव्हेंबरपासून बंद पडलाय.

खाट सहा. गोम्बोसुरेन, वय एकाहत्तर,
बुल्गानच्या पलीकडचा मेंढपाळ.
पोटातली मोठी धमनी फुगलीय. किती, ते बघायचं,
म्हणून शिरेत रंग टोचायचा.
रंग नावालाच. बाटलीत नितळ पाणी.
यंत्राखाली गेला की आतल्या नद्या उजळतात,
आणि उजेड करून झाल्यावर
निघायची वाट त्याला मूत्रपिंडांतूनच.

क्रिएटिनिन एकशे अठ्ठेचाळीस.
"हा आकडा माझा की बोकडाचा?" त्यानं विचारलं.

कपडे बदलताना बुटातून पाकीट पडलं:
गुडघ्याच्या गोळ्या, बाजारातून आणलेल्या,
रोज तीन. कालही तीन.
कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी डॉक्टर मुन्खझुलना उठवलं.
गोळ्या बंद. लघवीचं औषध बंद.
आधी पाणी. सकाळची तपासणी परवावर.

तो उठूनच बसला.
"परवा? बाहेर उणे एकोणचाळीस.
पोरगा एकटा आहे, बर्फाखालचं गवत लोखंड झालंय.
मूत्रपिंडं मला शिकवतेस?
या हातांनी हजारो काढलीत,
चरबीच्या दुलईत निजलेली, ऊन ऊन.
मीठच घालायचं तर चहात घाल, बाई."

चहाही दिला. दुधाचा, खारा, वाडगाभर.
पण नळी काढली नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
ही दोघं त्याच्या पाठीमागे
एकाहत्तर वर्षं जागीच आहेत,
दुष्काळात, दारूत, त्या रोजच्या तीन गोळ्यांत.
त्यांना कुणी कधी म्हटलं नाही, जरा टेका.
मी तरी कुठे म्हणते?
मी फक्त पाठीला उशी लावते, भांड्यातली लघवी मोजते,
छातीला नळी लावून ऐकते, पाणी जास्त तर होत नाही ना.
दुबळ्या हृदयाला तेही बुडवतं.

परवा उजाडला.
"ऐंशी नको," डॉक्टर म्हणाल्या, "पंचावन्नमध्ये दिसेल."
दिसलं. धमनी अजून थांबू शकते.
आतून तो ओरडला, "मुतलो की काय मी!"
सगळ्यांनाच तसं वाटतं, मी काचेमागून सांगितलं,
आणि काचेला ऐकू जात नाही हे विसरले.

मग पुन्हा थेंब. पुन्हा दोन रात्री.

तिसऱ्या सकाळी आकडा आला: एकशे बावन्न.
त्याच सकाळी पोराचा फोन:
अकरा मेंढ्या, आणि ती तपकिरी घोडी.

बराच वेळ तो खिडकीकडे बघत राहिला.
काचेवर बर्फ. दिसत काहीच नव्हतं.
"माझ्या मूत्रपिंडांना काय झालं मग?"
"काही नाही."
"अकरा मेंढ्या," तो म्हणाला. "काही नाहीसाठी."

घोडी त्यानं मोजली नाही.

मला उत्तर आलं नाही. नोंदवहीत लिहिलं:
लघवी नीट, सूज नाही, गुडघ्याच्या गोळ्या देऊ नयेत.
खाली दोनदा रेघ मारली.

वाडगा पुढे करत तो म्हणाला, मीठ कमी आहे.
मी अर्धी चिमूट टाकली.