विरळ

नर्स त्रीनने चष्मा पुसला, पुढचा प्रश्न वाचला:
मुलगा भेटायला येतो?
नेहमी, बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.
एकावरच खूण करायची.

लेइदा म्हणाली, आधी सांग,
क्वचित म्हणजे किती दिवस?
फॉर्मवर तसं काही नव्हतं.

खिडकीबाहेर हीउमा बेटाचा समुद्र,
अजून नुसतं पाणीच.
तो गोठला की त्यावरून रस्ता होतो,
मग उर्मास येतो गाडी घेऊन,
पट्टा न बांधता, काचा खाली करून,
नाक लालबुंद.
मागच्या खेपेला आला तेव्हा
ही मांजर जन्मली नव्हती.

त्यांच्या भाषेत क्वचितला म्हणतात ‘हार्वा’.
विरळ रानाला, विरळ विणीलाही
जवळपास तोच शब्द.

लेइदाने मांडीवरचा मोजा उजेडात धरला.
फाटलेला नाही गं,
सैल विणलाय.
दोन्हीकडे लोकर आहे
म्हणून तर मधली जागा दिसते.

त्रीनचं पेन ‘क्वचित’वर टेकलं.
थांब, लेइदा म्हणाली,
पेन्सिलीने कर.
रेडिओवर थंडी सांगितलीय.