शेफचं रजिस्टर

कुळ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी
वेळूच्या बेटात एक फलाट आहे.
नावाची पाटी कुणीतरी गोठ्याला दार म्हणून नेली,
तेव्हापासून आंबेखोलात गुरंच राहतात.

कंपनी इंग्रजांची, जमीन पोर्तुगीजांची,
खडी फोडणारे घाटावरचे,
ताप मात्र आमचा.

पुतू वेळीप, माझ्या आईचा आजा, इथला पॉइंट्समन.
अक्षर येत नव्हतं. रुळाला कान लावून सांगायचा
मीठ वर चाललंय की कापूस उतरतोय.
मिठाचा आवाज ओला, म्हणायचा.

आणि स्टेशनमास्तर कायतान कुलासो.
सगळे त्याला शेफ म्हणत.
पंचावन्न साली सरहद्द मिटली,
गाडी कुळ्यालाच वळून जाऊ लागली.
जा असा हुकूम कुणी धाडला नाही,
म्हणून शेफ गेला नाही.
रोज घड्याळाला चावी,
कंदिलाची काच राखेनं घासायची,
आणि रजिस्टरात, पोर्तुगीजमध्ये, एकच ओळ:
आज गाडी नाही.

सहा वर्षं.

फक्त एकदा ओळ लांबली:
आज गाडी नाही. पुतूला मुलगी झाली.

ती माझी आजी.

पुढे गाड्या आल्या, थांबल्या, पाणी प्यायल्या.
मग रूळ रुंद झाले, मार्ग चाळीस पावलं वर सरकला.
आता डब्यांचे उजेड वेळूवरून घसरत जातात
नि कुणाला खाली बघायचं सुचत नाही.

पेन्शनच्या अर्जाला वयाचा पुरावा हवा होता.
शेफच्या पुतणीनं चांदरला
बिस्किटांच्या डब्यातून रजिस्टर काढून दिलं,
आधी हात पुसायला लावून.
गाड्यांची सगळी वर्षं वाळवीनं खाल्लेली.
रिकामी सहा तेवढी शिल्लक,
त्यांतही तारखांचा रकाना कडेनं कुरतडलेला.
ओळ सापडली. दिवस नाही.

सांग्याच्या कचेरीत कारकून म्हणाला,
रेल्वेचा कागद इथं चालत नाही,
आणि चालला असता तरी यात तारीख कुठाय?
पेन उघडं ठेवून त्यानं आजीलाच विचारलं:
बाये, जन्म कधीचा?

आजीनं पदर सारखा केला.
"त्या दिसा गाडी नाशिल्ली," म्हणाली,
आणि तो लिहील म्हणून
वाट बघत बसली.