नगारची

आम्ही लष्करात राहतो. लष्करात कंपू,
कंपूपलीकडे छावणी.
तीन भाषांतला एकच तळ,
हलायचा राहून गेलेला.
चौथ्या भाषेतलं कार्ड माझ्यासमोर आहे,
त्यावर पुरता शब्दही नाही, नुसतं शेपूट:
*-ची.

डोक्यावर तारा.
तारा म्हणजे, असं कुणी म्हणत असावं
गवताच्या मुलखात, घोड्यांच्या वासात,
ऐकलेलं मात्र कुणी नाही.
दगडावर कोरलेल्या शब्दांना तारा लागत नाही,
त्यांची हाडं सापडलेली असतात.

लोखंडाला लावा, लोहार होतो.
माशाला लावा, कोळी.
वाटेला लावला की वाटाड्या.
आला कुठून? एक पंडित म्हणतो
शेजारच्या शेतकरी मुलखातून उसना,
दुसरा म्हणतो, छे, घरचाच.
मी दोन्ही नोंदवते. पेन्सिलीनं.

सातवीत, दौलतगंजच्या शाळेत,
हजेरी घेताना कुंटेबाई अडल्या:
"जुबेदा नगार... ची?
नगाऱ्याची कोण गं? पुढचं राहिलं वाटतं लिहायचं."
वर्ग हसला. पहिल्या बाकावरून मीही.
(मी चिटणीस. मला कधी कुणी
कोणाची म्हणून विचारलं नाही.)
जुबेदा उभी राहिली. मराठी आमच्याच गल्लीतलं:
"कोणाची नाही, बाई. वाजवणारी."

बाईंनी नावापुढे रिकाम्या जागेसाठी
रेघ ओढून ठेवली होती. ती खोडली नाही.
वर्षभर तशीच होती.

आमची 'ची' पुढे पाहते.
घराची... काय? किल्ली, भिंत, सून.
येणारी ठरवते हिचं रूप;
पुल्लिंगी आला तर 'चा',
आणि मग 'च'सुद्धा दातांकडे सरकतो.
त्यांची 'ची' मागे पाहते.
मूळ शब्दाचा स्वर घशाकडचा, तर हिचाही घशाकडे,
तो ओठांजवळ आला तर हीही येते.
पुढे कोण उभं आहे,
बाई की बुवा, तिला ठाऊक नाही.
त्या भाषेत लिंगच नाही.
दोघी भेटतात फक्त आमच्या स्त्रीलिंगात,
उच्चाराला सारख्या,
आणि एकमेकींकडे पाठ.

हे मला कळायला
चाळीस वर्षं आणि अकराशे कार्डं लागली.

तिच्या भावाचं कंपूत दुकान आहे, 'नगारची टायर'.
परवा पंक्चरसाठी थांबले.
आपा? आपा भोपाळला, गुडघे धरलेत.
नगारा? तो आजोबांबरोबर गेला,
कातडं उंदरांनी खाल्लं.
वाजवायची का ती?
तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला.
"घरच्या मुलींना काठीला हात लावू देत नव्हते.
अम्मी म्हणायची, दुपारी सगळे निजले की
पिठाच्या डब्यावर बोटांनी...
मी नाही ऐकलं कधी."

रात्री नवीन कार्ड घेतलं.
आधी तारा काढला, जरा वाकडा आला.
मग लिहिलं: जुबेदा नगारची.
पुढे पूर्णविराम द्यावा का,
ते अजून ठरत नाही.
रेघ मात्र ओढली नाही.