फळ्याची किल्ली

हॅदरबेक गावाच्या सूचनाफळ्याची किल्ली माझ्याकडे असते.
पितळेची, करंगळीएवढी.
विल्फ ऑर्मेरड गुडघ्यांनी थकले तेव्हा
चर्चच्या भिंतीला टेकून त्यांनी ती माझ्या हातात दिली,
म्हणाले, काच सरकवताना जरा वर उचलायची, गोंजारून घ्यायची.
माझं आडनाव चिटणीस.
यातला विनोद इथे फक्त मलाच कळतो.

दर मंगळवारी जुने कागद काढते, नवे लावते.
तपकिरी डबा एक आठवड्याआड, फक्त बागेचा कचरा.
मिल लेनवर पाइप बदलणार, नऊ ते चार नळ कोरडे.
शौचालयाची चावी यापुढे बेकरीत मागावी.
हरवले आहे: कासव, नाव ग्लॅडिस, हाक मारल्यास येते, सावकाश.
हे शेवटचं सगळे वाचतात.
कौन्सिलच्या अंदाजपत्रकाकडे मात्र
टाचणीला गंज चढेपर्यंत कुणी फिरकत नाही.

ऑक्टोबरात लिफाफा आला.
एकोणसाठ नंबरची बस
बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.
धुळ्याच्या शाळेत अकरा वर्षं व्याकरण शिकवलंय मी,
इंग्रजीत असला तरी कर्मणी प्रयोग लांबून ओळखते:
काम झालेलं असतं,
आणि करणारा वाक्याच्या मागच्या दाराने
केव्हाच निघून गेलेला.

त्याच बसने डोरीन टेलफर डोळ्यांच्या दवाखान्यात जाते,
केझिया ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेऊन कॉलेजात,
आणि मी, खरं सांगायचं तर, कोथिंबिरीसाठी, कार्लाइलला.

त्या मंगळवारी मी तो कागद लावला नाही.
विसरले नव्हते.
घडी घालून पर्समध्ये ठेवला, वाणसामानाच्या यादीशेजारी,
आणि बसमध्ये बसले.
ड्रायव्हरला माहीत होतं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे,
दोघंही हवेबद्दल बोललो.
आम्हा दोघांना सोडून सगळ्या गावाला
आणखी एक दिवस बस होती.

माझ्या आजोळी दवंडी पिटायचे काशीरामबाबा.
बातमी वाईट असली की हलगी जास्त वेळ वाजवायचे.
आम्ही पोरं त्या ठेक्यावर नाचायचो.
आता कळतं, ते धीर गोळा करत होते.

बुधवारी लावला. चार कोपरे, चार टाचण्या.
विल्फ आले, नाक काचेला,
श्वासाने काच धुरकटली, बाहीने पुसून पुन्हा वाचलं.
म्हणाले, "बुधवारचं स्पेलिंग चुकवलंय गाढवांनी."
आणि बराच वेळ तिथेच उभे.

मग शेजारी मी माझा एक कागद लावला.
नियमात बसत नाही.
शाईच्या पेनने, ठळक, कर्तरी प्रयोगात:
मी गुरुवारी सात वाजता कौन्सिलला जाब विचारणार आहे.
कोण येतं?

तिघं आली, आणि एक कुत्रा.
बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
डोरीनची दोन मिनिटं चष्मा शोधण्यात गेली,
तो तिच्या डोक्यावरच होता.
तेवढं मुद्देसूद भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही.
अध्यक्षबाई मान हलवत लिहीत राहिल्या.
शेवटी म्हणाल्या, नोंद घेण्यात आली आहे.

जानेवारीपासून एकोणसाठ नंबर
आठवड्यातून एकदा येते.
तोही कागद मीच लावला, काच जरा वर उचलून.
विल्फनी वाचला.
या वेळी बुधवार बरोबर लिहिलाय.
केझियाने शेजारच्या गावात खोली घेतली म्हणे,
ट्रम्पेट वाजवायला मनाई आहे तिथे.

ग्लॅडिस अजून सापडलेली नाही.
कासवं हिवाळाभर मातीखाली झोपतात, असं विल्फ म्हणतात.
तिचा कागद मी काढत नाही.