नियम सात

धायरीत, चौथ्या मजल्यावर, डुगडुगत्या टीपॉयवर
मी जग बुडवलं होतं.
पुठ्ठ्याचं पुणं, सिंहगड रस्ता पाण्याखाली,
नळ स्टॉपला रात्री उठणारी मढी.
फैयाजनं पहिल्याच डावात तीन कापली.
क्षमा भेळेतला कांदा वेचत म्हणाली,
भीती कुठंय रे तुझ्या खेळात?

मग मी दुसरी गड्डी काढली. गुलाबी.
एक तारीख: भाडं.
पाच: हप्ता.
क्लच गेला, नाणी टाका.
दाढ दुखते, चार नाणी, नाहीतर सहन करा;
सहन केलेला पत्ता आपल्यापाशीच राहतो.

दिग्विजय, ज्यानं जन्मात नियम वाचले नाहीत,
त्यानं पुस्तिका मागितली.

शरयूनं नाही मागितली.
नऊ नाणी होती तिच्याकडे, आणि ती अशी खेळली
जशी पाहुणे आल्यावर आई पोळ्या मोजते,
न मोजल्यासारखं करत.
दाढ सहन केली.
गाडी विकली ती दहा तारखेला.
तीसला विकायला गेलं की, म्हणाली, गिऱ्हाईक तोंड वाचतं.
दारात मढं येऊन उभं राहिलं तर बघितलंही नाही.
"हे नुसतं मारतं," म्हणाली,
"फोन करत नाही."

आम्ही केवढे हसलो.

मला उगाच मंगळवार आठवला.
नवले पुलाच्या थांब्यावर, सकाळी अकराला,
गळ्यात हिंजवडीचं ओळखपत्र,
मांडीवर उघडलेला डबा.
बस येत होत्या, जात होत्या.
मी हॉर्न दिला नव्हता.

सहाव्या फेरीत आम्ही सगळे मेलो.
शरयू जिंकली, एक नाणं राखून.

पिझ्झाचे पाच वाटे, दोनशे ऐंशी प्रत्येकी.
टिंग. टिंग. टिंग.
तिच्या फोनवर गोल फिरत राहिलं.
"रेंज नाही वाटतं इथं."
माझ्या फोनवर सगळ्या दांड्या होत्या.
राहू दे, मी देतो, एवढंच तर म्हणायचं होतं,
पण पुस्तिका उघडी पडली होती, माझ्याच अक्षरात:
कुणी कुणाचं भरायचं नाही.
मीच घातला होता तो नियम,
खेळाला धार यावी म्हणून.

"सोमवारी पाठवते," ती चपलेत पाय सरकवत म्हणाली.
मी म्हणालो, हो हो, सावकाश.

नंतर मढी डब्यात भरली, एकेक, उताणी.
गुलाबी गड्डी मोजली. दोनदा.
दाढेचा पत्ता नव्हता.

पिझ्झासुद्धा ती डाव्याच बाजूनं चावत होती.