हजार बुचांमागे

मला विचारायचं असतं एवढंच:
हजार बुचांमागे पाणी किती, धूर किती,
झाडापासून बाटलीच्या गळ्यापर्यंत
ट्रक किती वेळा रिकामा परतला.

देओलिंदा हसते. शेड उघडते.
आत सालींच्या थप्प्या,
कौलांसारख्या एकीत एक बसलेल्या.
बाहेर आलेंतेजूचं ऊन, पांढरंफटक.
"हे सहा महिने वाळतं," ती म्हणते,
"तुला वजन कुठलं हवंय? सोललं त्या दिवशीचं
की आजचं?"
मी वहीत रकाना आखते. मग शेजारी दुसरा.
ओलं. सुकं.

आणि वजन म्हणजे आरोबा.
एक आरोबा पंधरा किलो, हिशेबनीस सांगतो.
चौदा आणि वर थोडं, काटेवाला सांगतो,
त्याच्या आजोबांचा आरोबा तेवढाच होता.
दोघं एकाच टेबलावर जेवतात,
तीस वर्षं, भांडण नाही.
गोळाबेरीज केली तर हा फरक दिसायचा नाही,
पण वर्षाच्या साडेचारशे टनांत
नऊ टन साल
कुठल्याच झाडाची नसेल.

बॉयलरपाशी एर्मिनियू.
भट्टीत जळतो तो बुचाचाच भुसा.
"लाकूड विकत घेत नाही आम्ही," तो म्हणतो,
जणू हे भुसाही ऐकतोय.
खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही,
रोजचा एक आकडा: पाट्या.
एका पाटीत किती किलो?
तो पाटी माझ्यापुढे सरकवतो.
"भर."
मी भरते, काट्यावर ठेवते. मग तो भरतो.
माझी जेमतेम, त्याची शिगोशीग.
सहा वेळा त्याच्याकडून भरून घेते
आणि लिहिते: पाटी त्याची, सरासरी सहांची,
बुधवार, भुसा कोरडा.
अहवालात ही ओळ शेवटून दुसऱ्या पानावर,
बारीक अक्षरात.

मग मार्च येतो.
सगळा मार्च बत्तीस.
बत्तीस, बत्तीस, रविवारीही बत्तीस,
आणि रविवारी तर भट्टी थंड असते.
मी बोट ठेवते. तो भट्टीचं दार लावतो,
जे लागलेलंच होतं.
"मी बेजाला होतो, दवाखान्यात.
पुतण्या होता इथे. त्याला म्हटलेलं मीच,
रकाना कोरा ठेवू नकोस,
वरचे ओरडतात."
पोरानं पाट्या टाकल्या,
वहीतसुद्धा.

मला येतो भरता हा महिना.
फेब्रुवारी अधिक एप्रिल, भागिले दोन,
असा सफाईदार आकडा निघेल
की शंका घ्यायला कुणी थांबणार नाही.
शाळेत हातचा विसरला की
बाई लाल पेनानं तिथेच गोल करायच्या.
इथे गोल कोण करणार?

लिहिते: मार्च, मोजलं नाही.
खाली कारण. त्याखाली, कुणी सांगितलं.
"माझं नाव टाकणार?"
नाही, मी म्हणते, बॉयलरचालक एवढंच.
तो हात पुसतो, पुन्हा पुसतो.
"टाक नाव. बाकीचे अकरा महिने
मीच मोजलेत."

उतरत्या उन्हात आम्ही झाडांत जातो.
सोललेली खोडं तांबडी, ओल्या विटेसारखी,
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक अंक:
साल काढली त्या वर्षाचा शेवटचा.
नऊ वर्षं मग कुऱ्हाड लावायची नाही.
तीन, तीन, आठ, तीन.
वहीपेक्षा हे बरं, मी म्हणते.
"रंग स्वस्तातला असतो," देओलिंदा म्हणते.

कुंपणाजवळच्या खोडावर तो ओघळलाय.
एक आहे की सात?
लांबून ती म्हणते सात.
जवळ जाऊन म्हणते, एक.
मग तळवा टेकवते,
साल किती भरून आलीय ते
बोटांनी चाचपत राहते,
डोळे मिटून, बराच वेळ.

मी पेनाचं टोपण दातांत धरून उभी.