खिसा

मार्चमध्ये असं आभाळ?
दुपारी तीनला खारघरचा डोंगर दिसेनासा झाला,
मोबाइल मात्र म्हणतोय: निरभ्र, छत्तीस.

आधी गोधडी आत ओढली,
मग कुंड्या.
मायाळूची तेवढी राहिली.
तिने ग्रिलला असे हात घातलेत
की सोडवायला जावं तर तुटेल.

चार थेंब. संपलं.
लादीवर नुसते धुळीचे ठिपके.

पुन्हा सुईत दोरा.
चष्मा कपाळावर, आणि मी शोधतोय टेबलाखाली.
खालच्या मजल्यावरच्या दमयंती घरत म्हणाल्या होत्या,
टाका तांदळाएवढा घ्या, भाऊ.
माझे पडतात वालाएवढे.
पडू देत.

तुर्भ्याच्या कंपनीचे तीन खाकी शर्ट,
हिच्या दोन साड्या: एक जांभळी,
आणि एक, जिच्या रंगावरून
आमचं कधीच जमलं नाही.
ती हिरवी म्हणायची.
आज उजेडात धरली. असेल हिरवी.

शर्टाचा खिसा उसवायला घेतला
आणि थांबलो.
असू दे गोधडीला एक खिसा.
मायाळूचं बी सुकलं की
त्यात ठेवीन.

साडेपाचला लख्ख ऊन.
कुंड्या परत बाहेर,
आज तिसऱ्यांदा.